मृगाआधी झाडोरा कापू नका

प्रश्न असा: यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गावाचं वनहक्काचं जंगल आहे, खाली केळीचा पट्टा. मे महिन्यात झाडोरा, म्हणजे झाडांखालची झुडपं-गवत, कापून ढीग जाळावेत का? सोबत एक समजूतही आहे, की केळीचं खत जंगलालाही मिळतंच.

जाळू तर नकाच, पण मेमध्ये कापूही नका. जाळरेषा (वणवा अडवणारा मोकळा पट्टा) तेवढी साफ ठेवा.

पानगळीच्या जंगलाचा वर्षाचा हिशेब पहिल्या दोन-तीन पावसांत ठरतो. तापलेली माती भिजली की जिवाणू पाचोळ्यावर तुटून पडतात आणि थोड्याच दिवसांत नायट्रेटचा, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या नत्राचा, लोंढा सुटतो. सागाला तेव्हा पुरतं पान आलेलं नसतं. तो लोंढा पकडतात गवत, धायटी, मुरडशेंग, अगदी तरोटासुद्धा. सागाचं जाड खरखरीत पान सावकाश कुजतं, हा कोवळा पाला मात्र लवकर कुजून नत्र परत देतो. झाडोरा नसेल तर नायट्रेट नाल्याला लागतो, जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाशही नेतो. जाळलं तर नत्र धुरात जातं. राखेतलं स्फुरद-पालाश उतारावरून पहिल्याच सरीत खाली.

आता केळी. झाडाला २०० ग्रॅम नत्र, १.५ बाय १.५ मीटरवर हेक्टरी ४,४४४ झाडं, म्हणजे जवळपास ८९० किलो नत्र. पाणी डोंगर चढत नाही, अमोनिया चढतो. चुनखडीच्या काळ्या जमिनीवर युरिया उघडा फेकला की त्याचा अमोनिया होऊन उडतो आणि नैर्ऋत्येचा वारा त्याला जंगलाकडेच ढकलतो. बांधालगतच्या झाडांवर सगळ्यात जास्त उतरतो. ठिबकमधून दिलेल्या युरियाचं हे नुकसान बरंच कमी.

सुरुवातीला जंगल हिरवंगार दिसतं, तिथेच फसगत होते. नत्र सतत येत राहिलं की लाकूड कुजवणाऱ्या बुरशा मंदावतात, मुळांना स्फुरद आणून देणारी बुरशी घटते, खैर-पळसाच्या मुळांवरच्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी आळसावतात. (तरोटा शेंगवर्गीय आहे, पण त्याला गाठी नसतातच.) युरोपातल्या जंगलांसारखी माती आंबट होण्याची भीती मात्र इथे लगेच नको, आपल्या काळ्या दगडात कॅल्शियम भरपूर आहे.

काढायचीच तर फक्त घाणेरी काढा, तीही श्रावणात, फळ धरायच्या आत. माती ओली असते, गवत उभं राहिलेलं असतं. वरून छाटलीत तर दुप्पट फुटवे येतात. कुदळीने खोडाखाली दोन-तीन इंचांवर मुळी तोडा आणि झुडूप तिथेच मुळी वर करून उलटं ठेवा. फांदी ओल्या मातीला टेकून राहिली तर पुन्हा मुळ्या धरते. एका वेळी सगळं रान उघडं करू नका, पट्टे पाडा. मोकळ्या जागी लगेच मारवेल किंवा पवन्याचं बी टाका. नाल्याच्या दोन्ही काठांना निदान १० मीटर हात लावू नका.

फरक बघायचा असेल तर मत्स्यालयवाल्यांकडे नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात. पहिल्या मोठ्या पावसानंतर साफ केलेल्या आणि न केलेल्या उताराचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या आणि त्याच दिवशी तपासा. शेताचं पाणी मिसळतं त्याच्या वरच्या अंगाला बाटली भरा, नाहीतर केळीचाच नायट्रेट मोजून बसाल.