आठ जणांचा क्यूब, टेबलावर चौघं

'खारघरचा ग्रुप, माणसं चार किंवा पाच, इक्सलान सेटमधले चाचे, मर्फोक (जलमानव) आणि डायनासोर घेऊन 360 कार्डांचा क्यूब, प्रत्येक कार्डाची एकच प्रत, आणि तरी कुणाचाच डेक जुळत नाही.' मॅजिक: द गॅदरिंग या कार्डांच्या खेळासाठी स्वतः निवडून बनवलेल्या संचाबद्दल, म्हणजे क्यूबबद्दल, तुमचं हे वाचलं आणि ठाण्यातला माझा कलादेश क्यूब डोळ्यांसमोर आला.

ड्राफ्ट (पॅकमधून एक कार्ड उचलायचं, उरलेला पॅक शेजाऱ्याला द्यायचा, उचललेल्या कार्डांतून डेक बांधायचा) कसा खेळतात ते तुम्हाला येतंच, म्हणून थेट सांगते. तुमची थीम चांगली आहे, 360 हा आकडा मात्र तुमच्या टेबलाचा नाही. तो आठ जणांचा: प्रत्येकी 15 चे तीन पॅक, म्हणजे 45 कार्डं, आठ जणांची 360. चौघं बसलात की 180च वाटली जातात आणि निम्मा क्यूब डब्यात राहतो. दोन ठरावीक कार्डांवर बेतलेली जोडी असेल, तर दोन्ही त्या दिवशी वाटपात येण्याची शक्यता चारात एक.

मी नेमकं हेच केलं होतं. कलादेश हा सेट 2016 साली आला. आपल्या वळणाचं जग, खेळातलं पात्र चंद्रा नलार मूळची तिथलीच, त्यामुळे माझा फार जीव होता त्या सेटवर. आठ जण येतील असं धरून मी एनर्जीची (कार्डांतून मिळणारे, साठवून खर्च करायचे गुण) 40 कार्डं घातली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून शनिवारी संध्याकाळी चौघंच पोचायची. मग 40 मधली वीसेक टेबलावर यायची, चौघांत वाटून प्रत्येकाकडे पाच. एनर्जी तर एनर्जीच्या कार्डांशिवाय कुठेच खर्च होत नाही. एक मैत्रीण एथरवर्क्स मार्व्हल हे कार्ड घेऊन बसली. त्याला एका वेळी सहा एनर्जी लागते. तीन गेममध्ये तो एकदाही चालला नाही.

आणि मी काय केलं? 'तुम्ही कार्डं चुकीची उचलता' असं वर्षभर सगळ्यांना ऐकवत राहिले. दोघं यायची बंद झाली. चूक क्यूबची होती, त्यांची नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. मूळ सेटमध्ये कॉमन (सर्रास मिळणारी) कार्डं पॅकांतून पुन्हा पुन्हा येतात, म्हणून तिथे एनर्जीचा डेक होतो. एकेक प्रत ठेवली की ती दाटीच उरत नाही.

तेव्हा क्यूब 180 वर आणा (नेहमी पाच येत असतील तर 225) आणि थीमच्या कॉमन कार्डांच्या दोन-तीन प्रती ठेवा. एकच प्रत हवी हा नियम घरच्या टेबलावर मोडला तर काहीही बिघडत नाही, असं माझं ठाम मत आहे. पॅकही 15 चे तीन करण्यापेक्षा 9 चे पाच करा. चौघांत 15 चा पॅक तीनदा तुमच्याकडे परत येतो, मग निवडीत कस लागत नाही.

प्रत्येक कार्ड घालताना बघा, थीम बाजूला काढली तरी ते काही करतं का? हार्नेस्ड लाइटनिंग स्वतःच तीन एनर्जी देतं आणि तीच वापरून डॅमेज करतं, म्हणून ते माझ्याकडे अजून आहे. तुमचे डायनासोर अंगानेच मोठे, त्यांची काळजी नाही. 'रेड' (Raid, म्हणजे छापा) लिहिलेल्या चाच्यांना त्या टर्नमध्ये हल्ला झालेला पुरतो, मग तो कुठल्याही प्राण्याने केलेला असो. अडतील ते मर्फोक, कारण त्यांना आपलीच माणसं, म्हणजे दुसरे मर्फोक, लागतात. तिथे 2007 च्या लॉरविन सेटमधले चेंजलिंग पाच-सहा घाला. ते सगळ्या जमातींचे असतात, मर्फोकचेही आणि चाच्यांचेही.

मी डिझायनर नाही. हे सगळं चार-पाच जणांच्या टेबलावरून सांगतेय, स्पर्धेसाठी खेळणाऱ्यांना पटणार नाही कदाचित.

जागेचंही विचारलंय तुम्ही. आमच्या सोसायटीच्या ऑफिसने अर्जात 'पत्ते' शब्द बघून क्लब हाऊस नाकारलं. जुगार नाही, पैसे लावत नाही, हे तीन वेळा जाऊन सांगितलं, कार्डं दाखवली, कुणी हातात घेऊनही बघितली नाहीत. मुलांच्या वाढदिवसाला रात्री अकरापर्यंत स्पीकर चालतो, चौघांनी शांत बसून खेळलेलं चालत नाही! अजून राग येतो. तुम्ही अर्जात सरळ 'बोर्ड गेम' लिहा.

आणि फॉइल (चकचकीत) कार्डं क्यूबमध्ये ठेवू नका. जून लागला की आपल्याकडच्या दमट हवेत ती वाकतात, आणि स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) असली तरी डेकमध्ये कुठे आहेत ते ओळखू येतं.