अभिप्राय अ‍ॅपवर, नाव मात्र आपले

प्रश्न : मानसिक आरोग्याविषयीचे एक अ‍ॅप काही महिने वापरल्यावर मी प्ले स्टोअरवर त्याचा अभिप्राय लिहिला. तो माझ्या पूर्ण नावानिशी आणि छायाचित्रासह सर्वांना दिसत असल्याचे एका सहकाऱ्याने सांगितले. नाव दाखवण्याची परवानगी मी कधी दिली? आता काय करता येईल? – एक वाचक

उत्तर : परवानगी आपण दिली ती ‘पोस्ट’ हे बटण दाबताना. प्ले स्टोअरवरील अभिप्राय सार्वजनिक असतो आणि त्याच्यासोबत गूगल खात्यावरील नाव व छायाचित्र झळकते, अशी सूचना तिथे असते. ती घाईत कोणी वाचत नाही, हे सूचना लिहिणाऱ्यांनाही ठाऊक असावे. पूर्वी असे नव्हते. 2012 च्या नोव्हेंबरपासून अभिप्रायांना गूगल प्लस या गूगलच्याच समाजमाध्यमावरील नाव जोडले जाऊ लागले, आणि त्याआधीचे अभिप्राय ‘एक गूगल वापरकर्ता’ अशा निनावी रूपात उरले. गूगल प्लस 2019 मध्ये बंद झाले, नावाची प्रथा मात्र टिकली. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर याउलट टोपणनाव घेता येते.

आपल्या बाबतीत अभिप्राय नुसता बदलू नका, काढून टाका; कारण तो काढला नाही, तर आधीचा मजकूरही इतरांना पाहता येतो. खात्यावरचे नावच बदलण्याचा मार्ग आहे, पण मग जीमेलसह इतर सेवांतही तेच नवे नाव दिसू लागते.

नाव झाकले म्हणजे ओळख झाकली, असेही मानू नये. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये सुमारे 4 लाख 80 हजार ग्राहकांची चित्रपटांना दिलेली गुणांकने नावे वगळून स्पर्धेसाठी खुली केली होती. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव या संशोधकांनी ती आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावरील सार्वजनिक गुणांकनांशी ताडून त्यांतल्या काहींची ओळख पटवता येते, हे दाखवून दिले. एकाच टोपणनावाने औषधांची आठवण देणारे, कर्जाचे आणि नोकरी शोधण्याचे अशा तिन्ही अ‍ॅप्सविषयी लिहिले, तर ओळखीच्या माणसाला तेवढे धागे पुरतात.

अ‍ॅपमधील त्रुटीच कळवायची असेल, तर अ‍ॅपच्या पानावर विकसकाचा ईमेल पत्ता दिलेला असतो. तिथे लिहिल्यास आपले नाव विकसकाला कळेल, पण सहकाऱ्यांना दिसणार नाही.