मेडिक्लेम नाकारला, कोर्टात न जाता काय करता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीनेक लाख बिल आलं आणि कंपनीने "मधुमेह आधीपासून होता, तो प्रपोजल फॉर्ममध्ये सांगितला नाही" असं म्हणून क्लेम नाकारला. पॉलिसी तुमच्या नावावर, २०१८ पासून एकही वर्ष न चुकता भरलेली. वकिलांनी केस लांबेल असं सांगितलंय आणि शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, तर दुसरा मार्ग आहे का?

आहे. त्या मार्गाचं नाव विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकील किंवा एजंट तिथे चालतच नाही. तक्रार स्वतः मांडायची असते. लोकपालांनी निवाडा तुमच्या बाजूने दिला तर तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. तुम्हाला पटला नाही तर ग्राहक आयोगाचं दार उघडंच राहतं. मात्र हेच प्रकरण आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात दाखल केलंत तर लोकपाल ते घेत नाहीत. म्हणून वकिलांना आत्ताच थांबवा.

मी हे सगळं अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, क्लेमसाठी केलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये रात्री त्यांच्या छातीत दुखायला लागलं. धाकटा भाऊ त्यांना घेऊन दवाखान्यात पळाला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी विचारलं, बीपी आहे का? भाऊ म्हणाला, हो, बरीच वर्षं आहे. डॉक्टरांनी केसपेपरवर इंग्रजीत लिहिलं: "एचटीएन (म्हणजे हाय बीपी), दहा वर्षांपासून." अँजिओप्लास्टी झाली, अण्णा घरी आले, आणि एप्रिलमध्ये कंपनीचं पत्र आलं. आमची पॉलिसी २०१९ ची. बीपी दहा वर्षांचं, म्हणजे पॉलिसीच्या आधीचं, म्हणजे तुम्ही लपवलंत, म्हणून २ लाख ८४ हजारांचा क्लेम शून्य. अण्णांना बीपीची पहिली गोळी लागली ती ऑगस्ट २०२१ मध्ये.

ते पत्र वाचून माझा संताप झाला होता आणि मी पहिली चूक तिथेच केली. कस्टमर केअरला रोज फोन करत बसलो. फोनवर बोललेल्याचा काही उपयोग होत नाही. तीन आठवडे वाया गेल्यावर शांतपणे पत्र परत वाचलं, तेव्हा कळलं की कंपनीचं सगळं म्हणणं केसपेपरवरच्या त्या एका ओळीवर उभं आहे. मग मी ती ओळ खोडून काढणारे कागद शोधायला लागलो.

घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, लाइट बिलांच्या खाली, अण्णांच्या २०१७ च्या हर्नियाच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत बीपी १२४/८० आणि पुढे "पूर्वीचा कोणताही आजार नाही". पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला कागद. मी तो दोन्ही बाजूंनी स्कॅन केला. मग ज्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये बीपीची गोळी सुरू केली, त्यांच्याकडे जाऊन लेटरहेडवर तारखेसह दाखला घेतला की निदान पहिल्यांदा कधी झालं. दवाखान्यातूनही एक पत्र मिळालं: आजाराचा इतिहास नातेवाइकाने तोंडी सांगितला होता, कोणता जुना कागद बघून लिहिला नव्हता. ते मिळवायला चार खेपा झाल्या. एक कळकळीने सांगतो, मूळ केसपेपरमध्ये खाडाखोड करायला कोणालाही सांगू नका आणि खोटा दाखला आणू नका. एक जरी कागद खोटा निघाला की बाकीच्या खऱ्या कागदांचीही किंमत जाते.

आता क्रम. आधी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी लागते, ही पायरी गाळून लोकपालांकडे जाता येत नाही. अधिकाऱ्याचा ईमेल पॉलिसीच्या कागदांत असतो. उत्तर आलं आणि पटलं नाही, किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही, की तुमचा रस्ता मोकळा होतो. त्यानंतर एक वर्षाच्या आत लोकपालांकडे जावं लागतं. याच काळात विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवरही तक्रार टाकून ठेवा, किंवा १५५२५५ वर फोन करून नोंदवा. तिथे निवाडा होत नाही, तक्रार कंपनीकडेच जाते, पण तिला नंबर मिळतो आणि कंपनीला नोंद ठेवून उत्तर द्यावं लागतं. मला तिथून आलेलं उत्तर पहिल्या पत्राचीच नक्कल होतं. तरी ते जपून ठेवलं आणि पुढे जोडलं.

लोकपालांची महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे अशी कार्यालयं आहेत. तुम्ही कराडचे, म्हणजे तुमचं पुण्याला, नारायण पेठेत. तक्रार ऑनलाइन भरता येते आणि सुनावणीही व्हिडिओवर होऊ शकते, आमची तशीच झाली. दाव्याची मर्यादा पूर्वी ३० लाख होती, नोव्हेंबर २०२३ पासून ५० लाख आहे, तेव्हा तुमची तीन लाखांची रक्कम सहज बसते. फॉर्ममध्ये एक संमती मागतात की लोकपालांनी मध्यस्थी केली तर चालेल का. हो म्हणा. दोन्ही बाजूंची तयारी असेल तर तडजोडीनेच प्रकरण मिटतं, नाहीतर लोकपाल निवाडा देतात. तुमच्याकडचे सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा द्यायचा आणि कंपनीने तो मिळाल्यापासून ३० दिवसांत पाळायचा, असा नियम आहे.

तक्रारीचा मजकूर एका पानाचा ठेवा. मी पहिल्यांदा पाच पानं लिहिली होती, त्यात प्रीमियम किती भरला, मनस्ताप किती झाला, सगळं होतं. बायकोने वाचून विचारलं, "यात कंपनीच्या कारणाला उत्तर कुठंय?" तेव्हा ते सगळं काढलं आणि तारखांचा क्रम ठेवला: पॉलिसी कधी, निदान कधी, दाखल कधी, नकार कधी. प्रत्येक तारखेपुढे कागदाचा नंबर.

सुनावणी जेमतेम वीस मिनिटं चालली. कंपनीचा अधिकारी आणि त्यांचे डॉक्टर होते, इकडे मी आणि अण्णा. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून अर्धा तास आधीच फोनसमोर बसले होते. लोकपालांनी कंपनीला विचारलं, दहा वर्षांपूर्वीची एखादी चिठ्ठी, एखादा रिपोर्ट तुमच्याकडे आहे का? ते म्हणाले, नाही, केसपेपरवर लिहिलंय. मग मला विचारलं, इतिहास कोणी सांगितला? मी सांगितलं, भावाने, घाबरलेल्या अवस्थेत, आणि २०१७ चं कार्ड स्क्रीनसमोर धरलं. बास. आजार लपवला हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर असते, ती त्यांना पार पाडता आली नाही. निवाडा आमच्या बाजूने आला. हातमोजे, सिरिंज वगैरे पॉलिसीत न बसणाऱ्या वस्तूंचे पैसे वजा होऊन २ लाख ६० हजारांच्या आसपास रक्कम जानेवारी २०२४ मध्ये खात्यात आली. ती वजावट रास्त होती, त्यावर मी भांडलो नाही.

आता तुमच्या आईचं. तुमची बाजू माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. विमा नियामकाने २०२४ मध्ये आरोग्य विम्यातला एक कालावधी आठ वर्षांवरून पाच वर्षांवर, म्हणजे सलग ६० महिन्यांवर आणला. इंग्रजीत त्याला मोरॅटोरियम म्हणतात. हे ६० महिने पूर्ण झाले की "माहिती लपवली" किंवा "चुकीची दिली" या कारणाने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फक्त फसवणूक सिद्ध केली तरच. तुमची पॉलिसी २०१८ पासून सलग आहे. मधे कंपनी बदलली असेल तरी पॉलिसी पोर्ट करून, म्हणजे जुनीच पॉलिसी नव्या कंपनीकडे नेऊन, घेतलेली असेल तर आधीची वर्षं मोजली जातात. फक्त एक तपासा: विम्याची रक्कम मधे वाढवली आहे का? वाढवलेल्या भागाचे ६० महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात. आई पहिल्या वर्षापासून पॉलिसीत आहेत ना, की नंतर नाव घातलं, हेही बघा.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिताना हाच मुद्दा पहिला घ्या. दुसरं, क्लेम नाकारण्याचा निर्णय कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, असाही २०२४ पासून नियम आहे. टीपीएला, म्हणजे कंपनीसाठी क्लेमचं कागदोपत्री काम बघणाऱ्या बाहेरच्या संस्थेला, तो अधिकार नाही. तुमचं पत्र टीपीएच्या लेटरहेडवर असेल तर समितीच्या निर्णयाची प्रत मागा. तिसरं, मधुमेहाचा आणि गुडघ्याच्या झिजेचा संबंध काय, हे जरूर विचारा, पण त्या एकाच मुद्द्यावर विसंबू नका. कंपनी म्हणेल, मधुमेह माहीत असता तर पॉलिसीच वेगळ्या अटींवर दिली असती, आणि त्यात तथ्य असतं.

मधेच कंपनीचा फोन येईल की अर्धी रक्कम घ्या आणि विषय मिटवा. लेखी द्या म्हणा. "फुल अँड फायनल" असं छापलेल्या कागदावर घाईने सही करू नका. आणि "क्लेम मिळवून देतो, वीस टक्के द्या" म्हणणारे फोनही येतात. ते जे करतात ते तुम्ही स्वतः करू शकता, आणि सुनावणीला त्यांना आत घेणारही नाहीत.

नकाराच्या पत्रावरची तारीख आणि त्यात दिलेला कलम क्रमांक इथे कमेंटमध्ये लिहा, आईचं नाव आणि पॉलिसी नंबर झाकून. अधिकाऱ्याला पाठवायचा पहिला मजकूर आपण मिळून तयार करू, माझ्याकडे माझ्या पत्राची प्रत अजून आहे.