फिटच्या गोळ्या आणि बिघडलेली पाळी

प्रश्न : माझ्या मुलीचं वय २३. फिट येतात म्हणून तीन वर्षं व्हॅल्प्रोएट चालू आहे. फिट थांबल्या, पण पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस आलेत, वजनही वाढलंय. सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे अंडाशयात बारीक गाठी, निघाला. हे गोळीमुळे का? ती बंद करू का? – एक आई, सांगली

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. गोळी एक दिवसही स्वतःहून बंद करू नका. ती अचानक तुटली तर फिट एकामागून एक येत राहू शकते, आणि त्यात जीवही जातो.

गोळीचा हात असण्याची शक्यता मात्र बरीच आहे. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी १९९३ सालीच व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या स्त्रियांत हा त्रास नोंदवला होता. अंडाशयात बीजाच्या पिशवीभोवती थीका पेशींचा थर असतो. पुरुषी संप्रेरकं, म्हणजे अँड्रोजन, तिथे तयार होतात. मानवी थीका पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत काही दिवस व्हॅल्प्रोएटमध्ये ठेवल्या तर त्या जास्त अँड्रोजन बनवू लागतात. डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांची पकड हे औषध सैल करतं. मग अँड्रोजन बनवणाऱ्या एन्झाइमची जनुकं जोरात चालतात. त्या बशीत ना मेंदू असतो, ना चरबी. म्हणजे दोष फक्त वाढलेल्या वजनाचा नाही. अर्थात वजनाने इन्सुलिन वाढतं आणि तेही याच पेशींना डिवचतं.

पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी रक्त द्या : टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच. फिट येऊन गेल्यावर लगेच रक्त देऊ नका, प्रोलॅक्टिन तात्पुरतं चढलेलं असतं. पाळीसाठी संप्रेरकाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधीच सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

रिपोर्ट घेऊन फिटच्याच डॉक्टरांकडे जा आणि व्हॅल्प्रोएटऐवजी लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटॅम चालेल का, असं स्पष्ट विचारा. काही प्रकारच्या फिटना व्हॅल्प्रोएटच उत्तम लागू पडतं, म्हणून निर्णय त्यांचाच. बदल सावकाशच होतो : व्हॅल्प्रोएट चालू असताना लॅमोट्रिजिनची सुरुवात साधारण २५ मिलिग्रॅम दिवसाआड अशी करतात. घाई केली तर अंगावर पुरळ उठतं, कधी ते जिवावर बेततं. लग्नाचा विचार असेल तर हे आत्ताच बोला. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आढळतं आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो.

प्रश्न : मी फिटसाठी कार्बामाझेपिन घेते. गर्भनिरोधक गोळी चालेल का? – वाचक, नाशिक

उत्तर : तिच्यावर विसंबू नका. कार्बामाझेपिनमुळे यकृतातली एन्झाइम वाढतात आणि गोळीतली संप्रेरकं लवकर संपवतात. फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनचंही तेच. हा परिणाम औषध थांबवल्यावरही सुमारे चार आठवडे टिकतो. तांबी बसवून घ्या, तिच्यावर या औषधांचा परिणाम होत नाही. तातडीची ‘७२ तासांची’ गोळीही अशीच कमी पडते. त्या वेळीही पाच दिवसांच्या आत तांबी बसवणं जास्त खात्रीचं.