पडक्या वाड्यांचं शिकून पोट भरेल का?

मी साताऱ्यात करिअर समुपदेशन करते. दहावीचा निकाल जवळ आला की माझ्यासमोर बसणारे आईवडील हा प्रश्न घेऊन येतातच. आधी वर्षाकाठी एखादंच घर विचारायचं. जुलै २०२५ मध्ये प्रतापगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून विचारणारे वाढले. मुलांना किल्ले, वाडे, घाट, बागा जपायचं शिक्षण हवंय. पालकांच्या पोटात गोळा येतो तो पोटापाण्याचा.

वाईकडच्या एका कुटुंबाच्या चार बैठकांतलं मोजकं इथे देते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील बांधकामाचे ठेकेदार. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, मी रोज नवी घरं उभी करतो. हिला पडकी घरं सांभाळायचीत. पाच वर्षं त्यात घालून करायचं काय?"

मुलगी हट्टानं म्हणाली, "मला मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यासारखं काहीतरी वाचवायचंय."

मी विचारलं, "वाचवायचंय म्हणजे सकाळी दहा वाजता तिथं जाऊन नेमकं काय करायचंय?"

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "फोटो... लोकांना माहिती सांगायची..."

ही अडचण तिची एकटीची नाही. वास्तूवर प्रेम असतं, पण त्या कामाचा दिवस कसा असतो ते कुणी पाहिलेलं नसतं. अभिरुची चाचण्या मीही घेते, आलेखही काढते. तरी माझा भरवसा त्यांच्यावर कमी आहे. आवड विचारून कळत नाही, काम हातात दिल्यावर कळते. म्हणून तिला एक काम दिलं: आजीच्या जुन्या वाड्यातली एक खोली मोजायची आणि १:५० प्रमाणात आलेख कागदावर काढायची.

कृती लिहूनच दिली, कारण इथे बहुतेक मुलं एकाच जागी चुकतात. आधी खोलीचं हातानं कच्चं चित्र काढायचं, मापं त्याच्यावर लिहायची. एका भिंतीवरची सगळी मापं एकाच कोपऱ्यातून, टेप न उचलता घ्यायची. दारापासून कोनाड्यापर्यंत, कोनाड्यापासून खिडकीपर्यंत असे तुकडे मोजले की आठ तुकड्यांत दर वेळी एक सेंटीमीटर चुकूनही शेवटी आठ सेंटीमीटरचा घोळ होतो. नुसत्या चार बाजू मोजून खोलीचा आकार ठरत नाही, कर्ण लागतो. एका कर्णानं आकार बसतो, दुसरा पडताळ्याला. भिंत कलली आहे का ते ओळंब्यानं बघायचं. पारदर्शक नळीत पाणी भरून जमिनीपासून साधारण एक मीटरवर चारही भिंतींना एक समपातळी रेघ मारायची आणि वरची-खालची मापं तिच्यापासून घ्यायची. वाड्यातल्या फरशीवर भरवसा ठेवायचा नाही. भिंतीवर जिथं ओल, तडा, पोपडा दिसेल तो त्याच जागी चित्रात दाखवायचा. आणि त्याच संध्याकाळी कागदावर उतरवायचं, कारण राहून गेलेलं माप काढायला बसल्यावरच कळतं.

दहा दिवसांनी बापलेक आले. कागद खोडून खोडून मळलेला.

"कर्ण जुळेनात. अकरा सेंटीमीटरचा फरक. मला वाटलं मीच चुकले, म्हणून तीनदा मोजलं. शेवटी पप्पांनी टेप धरली."

"मग?"

"मग काढून बघितलं. खोलीच तिरकी आहे!"

असं सांगताना तिच्या चेहऱ्यावर वैताग होता की आनंद, हे पाहणं माझं काम. आनंद होता. तीनदा मोजून न कंटाळणारं मूल या अभ्यासात टिकतं. गडावर घोषणा देणारं टिकेलच असं नाही.

खरी गोष्ट मात्र कागदाच्या कोपऱ्यात होती. सांगितल्याप्रमाणे तिनं ओल दाखवली होती. तीन भिंतींवर ती जेमतेम दीड फूट, चौथीवर चार फूट. मी विचारलं, ही भिंत वेगळी का?

ती वडिलांकडे बघायला लागली. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिला लोणा लागत होता. सहा वर्षांपूर्वी मीच सिमेंटचा गिलावा केला. पक्का, एक भाग सिमेंटला चार भाग वाळू."

"आणि ओल वाढली."

"...वाढली."

इथे मी गप्प राहिले. उत्तर मी सांगितलं असतं तर ते माझं झालं असतं. आपल्या कारागिरीवर विश्वास असलेल्या माणसाला ते स्वतःच बोलू द्यावं, एवढं मला वर्षानुवर्षांच्या बैठकांनी शिकवलंय. तेच म्हणाले, "जुनी भिंत, खाली ओलरोधक थर नाही. पाणी चढणारच. चुन्यातनं ते बाहेर उडून जायचं. सिमेंटनं दार लावून घेतलं, म्हणून ते आणखी वर गेलं. क्षार आत साठून पोपडे सुटतायत. म्हणजे रोग मीच वाढवला की."

मुलगी म्हणाली, "पप्पा, हेच शिकवतात तिथं."

त्यानंतर त्यांनी विचारलेला प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय: "हे कळणारा माणूस आपल्या भागात मिळतो कुठं?" पोट भरेल का, याचं अर्धं उत्तर त्यात आहे. उरलेलं अर्धं मी गोड करून सांगत नाही. जतनाच्या कार्यालयांत पहिली काही वर्षं पगार बिल्डरकडच्यापेक्षा सहसा कमी असतो, आणि सरकारी काम निविदा आणि परवानग्यांत अडकतं.

पण पालकांची भीती चुकीच्या वयाला चिकटलेली असते. दहावीनंतर जतनाचा निर्णय घ्यावाच लागत नाही. आधी पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी, म्हणजे बी.आर्क. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, आणि नाटा ही वास्तुकलेची प्रवेशपरीक्षा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर. दहावीनंतर गणित असलेली तीन वर्षांची पदविका करूनही तिथं जाता येतं. पदवीनंतर वास्तुविशारद म्हणून नोंदणी होते. जतन नाही जमलं, तरी घरं बांधता येतात. अकरावीला गणित सोडून "मग बघू" म्हणणं मात्र महागात पडतं. दरवर्षी दोन-तीन मुलं त्यापायी रडत येतात.

पदवीतली कार्यालयीन प्रशिक्षणाची मुदत जतनाचं काम करणाऱ्या वास्तुविशारदाकडे घालवावी. पुढची दोन वर्षं जतनाच्या पदव्युत्तर अभ्यासाची, दिल्ली किंवा भोपाळच्या नियोजन व वास्तुकला विद्यालयात किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात. गेट या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेची तयारी चौथ्या वर्षापासून ठेवावी.

गणित अजिबात नको असणाऱ्यांना इतिहास आणि पुरातत्त्वाची वाट आहे, पुण्याचं डेक्कन कॉलेज हाकेच्या अंतरावर. पण तिथं उत्खनन आणि अभ्यास शिकाल, गिलावा नाही. रसायनशास्त्राच्या मुलांना दगड, लाकूड, धातू, चित्रं यांच्या जतनाचं वेगळं शिक्षण मिळतं. बागांचं म्हणाल तर ती शाखा भूदृश्य वास्तुकलेची. जुन्या बागेत झाडं मरतात, वाढतात, त्यामुळे ती दगडासारखी जपता येत नाही. १९८१ ची फ्लोरेन्स सनद, म्हणजे अशा बागा जपण्याची आंतरराष्ट्रीय तत्त्वं, ऐतिहासिक बागेला जिवंत स्मारकच म्हणते. हौद, पाट, कारंजी यांना पाणी कुठून येत होतं ते आधी शोधायचं, रोपवाटिकेत नंतर जायचं. हा क्रम बरेच जण उलटा करतात.

कायद्याचीही तोंडओळख हवी. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध, त्यापुढचे २०० मीटर परवानगीचे. ठेकेदार पप्पांना हे पाठ होतं. "तिथं माझी दोन कामं अडकलीत," ते म्हणाले, "पोरगी निदान नकाशे तरी नीट करून देईल." त्यांच्याकडून एवढं म्हणजे होकारच.

शेवटच्या बैठकीला त्यांना करिअरपेक्षा भिंतीचीच काळजी होती. मी सांगितलं, सिमेंट आता काढा, भिंत पावसाळाभर तशीच श्वास घेऊ द्या, चुन्याचा गिलावा दिवाळीनंतर. चुन्याची कळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे न विरलेले खडे, पाण्यात हळूहळू सोडायची; कळीवर पाणी ओतलं तर उकळून अंगावर उडतं, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेतच. निदान तीन आठवडे भिजत ठेवायची. एक भाग चुन्याला दोन भाग वाळू आणि वीटकूर (विटांचा चुरा) मिळून. थर बोटापेक्षा जाड नको, आणि आठवडाभर गोणपाटानं ओला ठेवायचा. घाईनं वाळवलं की भेगा पडतात.

मुलीनं अकरावीला गणित घेतलंय. दिवाळीआधी वडिलांचा फोन आला. कळी मिळाली होती, पिंपात भिजत होती, आणि वरचं पाणी आटलं तर आणखी घालायचं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. "घाला," मी म्हटलं, "चुना उघडा पडू देऊ नका."