मुद्देमाल की मांडणी?

प्रश्न : घरातल्याच वस्तू जमिनीवर पांढऱ्या कागदावर मांडून मी फोनने वरून फोटो काढते. चष्मा, किल्ल्या, कात्री, दोऱ्याची रिळं, एक बंद पडलेलं घड्याळ. फोटो बघून माझा भाऊ म्हणतो, "पोलिसांनी पकडलेला मुद्देमाल वाटतोय." शिवाय कागद मळकट राखाडी येतो. आता चांगला कॅमेरा घ्यावा का?

उत्तर : कॅमेरा राहू द्या. आणि भावावर रागावू नका, त्याने नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंय. मुद्देमाल मांडणाऱ्याला प्रत्येक वस्तू सुटी दाखवायची असते, मोजता यावी म्हणून. तुम्हीही नकळत तेच केलं असणार. सगळ्या वस्तूंत सारखं अंतर, कुणी कुणाला शिवत नाही, सगळं चौकटीच्या आत.

गंमत म्हणजे अशा कडक मांडणीला नाव आहे आणि चाहतेही. १९८७ साली वास्तुकार फ्रँक गेरी यांच्या फर्निचरच्या कारखान्यात अँड्र्यू क्रोमेलो नावाचे सफाई कामगार होते. पडलेली हत्यारं ते एकमेकांना काटकोनात लावून ठेवत. गेरी तेव्हा नोल कंपनीसाठी खुर्च्या करत होते आणि नोलचं फर्निचर सरळ रेषांसाठी प्रसिद्ध, म्हणून क्रोमेलो याला 'नोलिंग' म्हणू लागले. पण तिथे शिस्त पुरती असते. निम्म्या वस्तू काटकोनात आणि एक किल्ली जराशी तिरकी, असं झालं की बघणाऱ्याला ती चूकच वाटते. करायचं तर पट्टी घेऊन करा. नाहीतर मोडा : कात्रीचं एक टोक चष्म्याखाली सरकवा, दोन रिळं एकमेकांना टेकवा, एखाद्या वस्तूचा अर्धा भाग चौकटीबाहेर जाऊ द्या. आणि पाचातल्या दोन वस्तू उचलून परत कपाटात ठेवा. हे सर्वात जड जातं, मलाही जातं.

आता खरा मुद्दा, सावलीचा. बरोबर वरून बघितलं की वस्तूची उंची मरते. रीळ गोल, पेला गोल, बाटलीचं टोपणही गोल. रीळ उभं आहे आणि टोपण बसकं आहे, हे सांगते ती फक्त त्यांची सावली. म्हणून सावली ही मांडणीतली आणखी एक वस्तू समजा, तिलाही जागा ठेवा. डोक्यावरचा दिवा लावून फोटो काढलात तर वस्तूची सावली तिच्याच पायाशी गोळा होते आणि तुमची नि फोनची मात्र कागदभर पसरते. तो दिवा बंद करा. पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र आले तर कागदाची एक बाजू पिवळी, दुसरी निळसर होते. ते नंतर निस्तरता निस्तरत नाही.

जमिनीवरून उठाही. खिडकीखाली जमिनीवर कागद ठेवला की उजेड वरून उतरतो. तोच कागद खिडकीच्या कट्ट्याइतक्या उंच टेबलावर ठेवा, उजेड जवळजवळ आडवा येईल आणि सावल्या लांब होतील. घड्याळाचा पट्टा कुठे चिरलाय तेही दिसेल. थेट ऊन नको. टेबल खिडकीला अगदी चिकटवू नका, नाहीतर कागदाची एक कड पांढरीफक आणि दुसरी काळवंडलेली येईल. हातभर मागे घेतलं की उजेड सारखा पडतो. सावली फार गडद वाटली तर खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. मी स्वतः बऱ्याचदा काळा पुठ्ठा उभा करते, पण ती माझी खोड.

राखाडी कागदाचं कारण साधं आहे. समोर काहीही असो, कॅमेऱ्याचा उजेडमापक ते मध्यम राखाडी धरून चालतो. पांढरं जास्त दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. फोनवर कागदाला बोट लावा आणि उजेडाची खूण वर सरकवा. कागद पांढरा होईल इतकीच, पोत पुसला जाईल इतकी नाही.

प्रश्न : चष्म्याच्या काचेत आणि चमच्यात मीच दिसतो. काय करू?

उत्तर : चमकणारी सपाट वस्तू डोक्यावर जे असेल ते दाखवते, आणि डोक्यावर तुम्ही आहात. काचेच्या एका कडेखाली खोडरबराचा तुकडा सरकवा. कोन किंचित बदलला की तुम्ही निघून जाता. चमचा फुगीर बाजू वर करून ठेवलात तर तो अख्खी खोली गिळतो, तिथे कोन बदलून भागत नाही. काळ्या पुठ्ठ्याला लेन्सपुरतं भोक पाडून फोन त्यामागे धरा. पुठ्ठा तरीही दिसेल, पण तुमच्या शर्टाऐवजी एक काळा ठिपका म्हणून.

फोन हातात धरण्यापेक्षा दोन खुर्च्यांवर फळी टाका, फोनचा कॅमेरा कडेबाहेर येऊ द्या आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. फोन तिरका असेल तर चौकोनी कागद एका बाजूला निमुळता दिसतो, त्यावरून ओळखा. फार जवळही जाऊ नका. फोनची नेहमीची लेन्स रुंद बघणारी, त्यामुळे कडेच्या उंच वस्तू बाहेर कलतात. वर जा आणि दुप्पट झूम घ्या. वाकण्याआधी वरचा खिसा रिकामा करा. तासभर खपून लावलेल्या मांडणीवर माझं पेन पडलंय, तेही टोपण नसलेलं.

प्रश्न : घरात फोटो काढण्याजोगं काहीच नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून समुद्री शेवाळं थेट रसायन लावलेल्या कागदावर मांडून, उन्हात ठेवून निळे ठसे काढले, कॅमेरा नव्हताच. १९६० च्या सुमारास कलावंत डॅनिएल स्पोएरी यांनी जेवण झालेल्या टेबलावरच्या ताटल्या, पेले जिथल्या तिथे चिकटवून सगळंच भिंतीवर टांगायला सुरुवात केली. तुम्ही आत्ता टेबलावर जे पडलंय त्याला हात न लावता वरून एक फोटो काढा. मग एकच वस्तू हलवा आणि दुसरा काढा. दोन्ही पाठवून द्या.