जांभळाचे बी वाळवून ठेवू नये

प्रश्न : खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओहळाच्या काठी आमचे शेत आहे. तेथे आजोबांच्या काळापासूनचे जांभळाचे झाड आहे. गेल्या वर्षी त्याच्या बिया धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरल्या आणि यंदा पावसाच्या तोंडावर पिशव्यांत लावल्या; एकही रुजली नाही. झाडाखाली मात्र दर पावसाळ्यात रोपांची दाटी होते, आणि एकाच बीतून दोन-तीन कोंब आलेले दिसतात. असे का होते? फळे लहान व तुरट असल्याने घरात झाड तोडण्याचा विचार चालू आहे, त्याबद्दलही आपला सल्ला हवा.

उत्तर : आपले बी वाळवल्यामुळेच मेले. भात, नाचणी, तूर यांचे बी वाळवले तरच टिकते आणि त्या सवयीने आपण प्रत्येक बी उन्हात पसरतो. जांभळाला मात्र हा नियम लागू पडत नाही. सदाहरित जंगलांतील अनेक वृक्षांप्रमाणे जांभळाच्या बीला सुप्तावस्था, म्हणजे न रुजता जिवंत पडून राहण्याचा काळ, नसते. कणकुंबी, जांबोटी, भीमगड या पट्ट्यात जांभूळ पिकते तेव्हा मृगाचा पाऊस तोंडावर आलेला असतो, त्यामुळे जमिनीवर पडलेल्या बीला महिनोन्‌महिने वाट पाहावी लागत नाही. ते आत भरपूर ओलावा घेऊनच झाडावरून सुटते आणि तो ओलावा एका मर्यादेखाली गेला की आतला गर्भ मरतो. सावलीत ठेवलेले बीसुद्धा साधारण दोन आठवड्यांत उगवणशक्ती गमावू लागते. म्हणून फळ खाल्ल्यावर बीवरचा गर धुऊन टाकावा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ते पिशवीत दीड-दोन सेंटिमीटर खोल पेरावे. जांभळाचे सोटमूळ लवकर खाली जाते, त्यामुळे पिशवी उंच घ्यावी. आखूड पिशवीत मूळ तळाशी गुंडाळले जाते आणि पुढे जमिनीत लावलेले झाड नीट धरत नाही.

एका बीतून अनेक कोंब येणे हा दोष नव्हे. ताज्या बीवरचे पातळ, चामड्यासारखे आवरण नखाने सोलून पाहावे. आतले बी अखंड नसून एकमेकांत घट्ट बसलेल्या तुकड्यांचे बनलेले अनेकदा आढळते. अशा बीत एकाहून अधिक गर्भ असतात. त्यांपैकी काही परागीभवनातून, तर काही मातृवृक्षाच्याच ऊतींतून तयार झालेले असतात, आणि या दुसऱ्या प्रकारची रोपे हुबेहूब आईच्या गुणांची निघतात. म्हणजेच आपल्या झाडाखालच्या रोपांकडून मोठ्या, गोड फळांची आशा धरू नये. तशी फळे हवी असल्यास कलम हाच मार्ग आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने निवडलेली ‘कोकण बहाडोली’ ही मोठ्या फळांची जात त्यासाठी विचारात घ्यावी. कलमे बियांच्या झाडांपेक्षा काही वर्षे आधी फळतात.

झाड तोडण्याच्या विचाराला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. त्याखालची जोमदार रोपे हीच आपल्या नव्या कलमांसाठी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते मूळ-रोप, म्हणून उपयोगी पडतील आणि ती आपल्याच मातीत, आपल्याच पावसात वाढलेली असतील. पाणी साचलेल्या जमिनीतही तग धरणारी जांभळाची मुळे ओहळाचा काठ धरून ठेवतात; झाड गेल्यावर दोन-चार पावसाळ्यांत काठ ढासळू लागला तर ते नुकसान फळांच्या भावात मोजता येणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये झाड फुलावर असताना त्याखाली सकाळी थोडा वेळ उभे राहावे. फुलाच्या पाकळ्या टोपीसारख्या एकत्र जुळलेल्या असतात, ती टोपी अलगद गळते आणि आतून पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका मोकळा होतो. त्यावर सातेरी आणि आग्या मधमाश्यांची जी झुंबड उडते, तिचा लाभ आपल्या शेतातील इतर पिकांनाही मिळत असतो. तुरट फळे आपल्याला नकोशी वाटली तरी धनेश, वटवाघळे, उदमांजरे ती आवडीने खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. घरच्या मंडळींना हे अवश्य सांगावे.

प्रश्न : जांभूळ आणि नीलगिरी एकाच कुळातील आहेत, असे वाचले. हे खरे आहे काय? (बेळगाव शहरातील एक वाचक)

उत्तर : होय. पेरू आणि लवंगही त्याच मिर्टेसी कुळातील आहेत. जांभळाचे पान उजेडाकडे धरल्यास त्यात तेलग्रंथींचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात, आणि कडेला समांतर धावणारी एक शीर बाजूच्या सर्व शिरांना जोडते. मात्र नाते असले तरी स्वभाव वेगळा आहे. ऑस्ट्रेलियातून आलेल्या नीलगिरीचे फळ कोरडे, लाकडासारखे टणक असते आणि तिचे बारीक बी वाळवून वर्षानुवर्षे साठवता येते. जांभळाचे बी पंधरवडाभर ठेवणेही कठीण. नीलगिरीच्या लागवडीत फळे खाणाऱ्या पक्ष्यांना काहीही मिळत नाही, त्यामुळे वृक्षारोपणाच्या आकड्यात दोन्ही झाडे सारखीच धरली जातात, हे मला मान्य नाही.

प्रश्न : जांभळाच्या बियांची पूड घेतल्यास मधुमेहाची गोळी बंद करता येईल काय? (निपाणी येथील एक वाचक)

उत्तर : नाही. पूड परंपरेने वापरली जाते, पण डॉक्टरांनी दिलेले औषध तिच्या भरवशावर कमी करू नये. पूड घेत असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, कारण दोन्हींचा एकत्रित परिणाम होऊन साखर प्रमाणापेक्षा खाली जाण्याचा संभव असतो.